पिशवी काढायला सगळे तयार, तपासायला कुणी नाही!

गेल्या पावसाळ्यात एकाच आठवड्यात दोन बायकांची दुःखे माझ्यासमोर आली. त्या दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या. पण दोघींची कहाणी एकाच व्यवस्थेने लिहिलेली होती.

पहिली ऊसतोड कामगार. नवऱ्याबरोबर माझ्या ऑफिसात आली ती मुकादमाच्या उचलीच्या तक्रारीसाठी. मुकादमाचे पैसे फिटत नव्हते, तो पोलीस ठाण्याची भाषा करत होता. एवढी उचल कशासाठी घेतली होती, असे विचारले तेव्हा नवऱ्याने प्लास्टिकच्या पिशवीतून एक डिस्चार्ज कार्ड काढले. सव्विसाव्या वर्षी तिची गर्भाशयाची पिशवी काढलेली होती. अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, म्हणून ती तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात गेली होती. डॉक्टरांनी सांगितले, "पिशवी खराब आहे. काढली नाही तर कॅन्सर होईल." घरी दोन लहान लेकरे. नवरा-बायको घाबरले आणि उचल घेऊन ऑपरेशन केले. मी सगळे कागद उलटेपालटे करून पाहिले. एक सोनोग्राफी होती आणि औषधांची बिले होती. कॅन्सरची एकही तपासणी नव्हती. मांसाचा तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवल्याचा रिपोर्ट नव्हता, गर्भाशयाच्या तोंडाची साधी तपासणी केल्याची नोंदही नव्हती. ज्या कॅन्सरची भीती घालून ऑपरेशन केले, तो आहे की नाही हे कुणी पाहिलेच नव्हते.

दुसरी आमच्या विहारातली उपासिका. वय बावन्न. दर रविवारी वंदनेला पहिल्या रांगेत बसणारी, चार घरची धुणीभांडी करून दोन मुलांना पदवीपर्यंत पोहोचवणारी. पाळी थांबून वर्षे झाली होती, तरी तिला रक्त जात होते. दीड वर्ष तिने कुणाला सांगितले नाही. सुनेला सांगायची लाज, मुलाला सांगण्याचा तर प्रश्नच नाही. चालता येईना तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेले. गर्भाशयमुखाचा कर्करोग, तिसरी अवस्था. लाइटचे उपचार सुरू झाले, पण उशीर झालेला होता.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात पन्नास-साठ महिला होत्या. मी धीर करून विचारले, "मायमाउल्यांनो, तुमच्यापैकी कुणाची ही तपासणी कधी झाली आहे का?" एकही हात वर झाला नाही. आणि मग मला माझीच लाज वाटली. वीस वर्षे मी जयंती मंडळात आहे. आम्ही रक्तदान शिबिरे घेतली, डोळे तपासले, वह्या वाटल्या. या एका तपासणीचे शिबिर मात्र आम्हाला एकदाही सुचले नाही. कारण जयंती मंडळात आम्ही सगळे पुरुष होतो.

एकीला आजार नव्हता, तरी तिच्यावर ऑपरेशन झाले. दुसरीला आजार होता, तर तिला तपासणीसुद्धा मिळाली नाही. हा लेख त्या दोघींसाठी आहे.

टाळता येणारे मरण

आकडे पाहू या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सुमारे १ लाख २७ हजार नव्या रुग्ण महिला होत्या आणि सुमारे ८० हजार महिला या आजाराने मेल्या. म्हणजे दर सात मिनिटांच्या आत एक बाई. भारतीय महिलांमध्ये स्तनाच्या कर्करोगाखालोखाल याचाच क्रमांक लागतो.

आता दुसरा आकडा पाहा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३० ते ४९ वयोगटातील फक्त १.९ टक्के महिलांची ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेली होती. शंभर बायकांमागे दोनसुद्धा नाहीत!

तथागतांनी जगाला दुःख सांगितले, दुःखाचे कारण सांगितले, त्या दुःखाचा अंत होऊ शकतो हे सांगितले आणि त्याचा मार्गही सांगितला. या आजाराच्या बाबतीत विज्ञानाने या चारही गोष्टी आपल्या हातात दिलेल्या आहेत. कारण माहीत आहे. एचपीव्ही नावाचा विषाणू. शरीरसंबंधातून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. तो इतका सर्वत्र आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी त्याची लागण होतेच. दहातल्या बहुसंख्य जणांचे शरीर एक-दोन वर्षांत त्याला आपोआप बाहेर काढते. काही थोड्या बायकांमध्ये मात्र तो ठाण मांडून बसतो आणि गर्भाशयाच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बिघडवतो. या विषाणूच्या अनेक जातींपैकी १६ आणि १८ क्रमांकाच्या दोन जातीच सुमारे ७० टक्के कर्करोगांना जबाबदार आहेत.

महत्त्वाची गोष्ट अशी की लागण झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत साधारण पंधरा ते वीस वर्षे जातात. एचआयव्हीसारख्या आजाराने शरीराची ताकद कमी झाली असेल तर पाच ते दहा वर्षे. म्हणजे हा शत्रू दबकत येतो, पण अत्यंत संथ येतो. या पंधरा वर्षांत एकदा-दोनदा जरी कुणी पाहिले, तरी तो सापडतो आणि कर्करोग होण्याआधीच त्याचा बंदोबस्त होतो. आमच्या उपासिकेकडे पंधरा वर्षे होती. त्या पंधरा वर्षांत तिच्याकडे कुणी पाहिले नाही.

इथे एक गोष्ट पुरुषांना स्पष्ट सांगितली पाहिजे. या आजाराचा संबंध बाईच्या चारित्र्याशी जोडणारे महाभाग आपल्या वस्त्यांतही आहेत. आयुष्यभर एकाच नवऱ्याशी संसार केलेल्या बाईलाही हा आजार होतो, कारण विषाणू नवऱ्याकडूनही येतो. लहान वयात लग्न, खूप बाळंतपणे, विडी-सिगारेट, एचआयव्ही यांमुळे धोका वाढतो. यातल्या किती गोष्टी बाईने स्वतः निवडलेल्या असतात? पंधराव्या वर्षी लग्न तिने ठरवलेले नसते. तेव्हा दोष देण्याआधी आरशात पाहावे.

ज्यांच्या शरीरातून हे ज्ञान आले

हे ज्ञान आले कुठून, हेही चळवळीच्या वाचकांनी माहीत करून घेतले पाहिजे. १९५१ साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात हेन्रिएटा लॅक्स नावाची एक गरीब कृष्णवर्णीय महिला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मेली. तंबाखूच्या शेतात राबलेली, पाच मुलांची आई, वय अवघे एकतीस. तिच्या गाठीतील पेशी तिला न विचारता काढून घेतल्या गेल्या. त्या पेशी प्रयोगशाळेत मरेनात, वाढतच राहिल्या. 'हेला' या नावाने त्या जगभर गेल्या, पोलिओच्या लसीच्या कामात वापरल्या गेल्या, कंपन्यांनी त्यांवर पैसा केला. तिच्या कुटुंबाला वीसेक वर्षे याचा पत्ताही नव्हता. याच पेशींमध्ये पुढे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या गटाला एचपीव्ही १८ हा विषाणू सापडला. हा विषाणू आणि हा कर्करोग यांचे नाते उलगडल्याबद्दल त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जगातल्या बायका ज्या ज्ञानाने वाचतात, त्याच्या मुळाशी एका काळ्या बाईचे न विचारता घेतलेले शरीर आहे.

आणि आपल्याकडे? मराठवाड्यात तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि मुंबईचे टाटा मेमोरियल त्यात होते. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक खेडुत महिला चार गटांत विभागल्या गेल्या. तीन गटांची तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासणी झाली. चौथा गट तुलनेसाठी ठेवला होता. त्या महिलांना आजाराची आणि तपासणी कुठे होते याची माहिती दिली गेली, नेहमीची सेवा चालू राहिली, पण गावात येऊन कुणी तपासले नाही. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांची एचपीव्ही तपासणी आयुष्यात फक्त एकदा झाली, त्या गटात ३४ मृत्यू झाले. तुलनेच्या गटात ६४. एका तपासणीने मरण जवळपास निम्म्यावर आणले.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून टाटा मेमोरियलने दुसरा अभ्यास केला. त्यात सुमारे दीड लाख महिला होत्या. निम्म्या महिलांची दर दोन वर्षांनी व्हिनेगरसारख्या आम्लाने तपासणी झाली, निम्म्या तुलनेसाठी राहिल्या. २०१३ साली निकाल आला. तपासणी झालेल्या गटात मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. देशभर ही पद्धत लागू केली तर वर्षाला २२ हजार मृत्यू टळतील, असा संशोधकांचा अंदाज होता.

या अभ्यासांवर टीकाही झाली. तपासणी उपयोगी आहे हे माहीत असताना हजारो गरीब बायकांना तुलनेसाठी तपासणीविना का ठेवले, हा प्रश्न विचारला गेला. तो प्रश्न रास्त आहे. पण माझा त्याहून मोठा प्रश्न आहे. मराठवाड्याच्या खेड्यांतल्या आणि मुंबईच्या झोपडपट्टीतल्या बायकांनी जगाला हे ज्ञान दिले. जगातील अनेक देशांनी त्यावरून आपली धोरणे आखली. मग त्याच मराठवाड्यातल्या ऊसतोड बाईला ती तपासणी का मिळत नाही? प्रयोगासाठी आमच्या वस्त्या सापडतात आणि त्या प्रयोगाचे फळ वाटताना आमच्या वस्त्या सापडत नाहीत, हे कसे?

बीडचा आकडा

तपासणी पोहोचली नाही, तिथे ऑपरेशन पोहोचले. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या पिशव्या काढण्याचे प्रकरण देशभर गाजले. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. जिल्ह्यातील ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजार ८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. सहापैकी एक!

याचे अर्थशास्त्र समजून घ्या. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पाळी आली, अंग दुखले, एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा पडतो आणि उचलीतून पैसे कापले जातात. फडावर संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही, पुरेसे पाणी नाही. त्यामुळे जंतुसंसर्ग होतो, पांढरे जाते. गोळ्या-औषधांनी बरा होणारा तो त्रास. पण बाई डॉक्टरकडे जाते तेव्हा तिला "कॅन्सर होईल" असे सांगितले जाते. डॉक्टरला ऑपरेशनचे पैसे मिळतात, मुकादमाला न थांबणारा मजूर मिळतो आणि बाईला तिशीच्या आत म्हातारपण मिळते. या बायका कोण आहेत? दलित, भटक्या-विमुक्त, वंजारी, आदिवासी, भूमिहीन. ज्यांच्या हाताला गावात काम नाही आणि नावावर जमीन नाही, त्या.

कॅन्सरची भीती विकण्यात नफा आहे, कॅन्सरची तपासणी करण्यात नफा नाही. एवढा साधा हिशेब आहे.

वकील म्हणून इथे कायदा सांगतो. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात निकाल दिला. तपासणीसाठी दिलेली संमती म्हणजे पिशवी काढायची संमती नव्हे, असे न्यायालयाने त्यात ठरवले. आजार काय, उपचार काय, दुसरा पर्याय कोणता, धोका कोणता, हे रुग्णाला समजेल असे सांगून घेतलेली संमती हीच खरी संमती. नुसता अंगठा म्हणजे संमती नाही. ५ एप्रिल २०२३ रोजी डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या जनहित याचिकेवर न्यायालयाने अनावश्यक पिशवी काढणे रोखण्यासाठी केंद्राने केलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. ती याचिका बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील गरीब बायकांसाठी होती. म्हणजे बीड एकटे नाही.

म्हणून कुणी "पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल" असे म्हटले तर एकच प्रश्न विचारा, "तुकडा तपासल्याचा रिपोर्ट कुठे आहे?" सरकारी दवाखान्यात दुसरे मत घ्या. आपली कागदपत्रे मागा. मागितल्यापासून ७२ तासांच्या आत ती देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

लस : विरोध कशाला, पाठिंबा कशाला

या विषाणूवर लस आहे. पण लसीचे नाव काढले की चळवळीतले काही मित्र खम्ममची आठवण देतात. ती दिलीच पाहिजे. २००९-१० साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत पाथ या परदेशी संस्थेच्या प्रकल्पात हजारो मुलींना ही लस टोचली गेली. त्यात मोठ्या संख्येने आदिवासी आणि वसतिगृहांतील मुली होत्या. सात मुलींच्या मृत्यूनंतर एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला. चौकशीत हे मृत्यू लसीमुळे झाल्याचे आढळले नाही. पण संमतीचा कारभार भयंकर निघाला. आंध्रातील ९ हजार ५४३ संमतीपत्रांपैकी २ हजार ७६३ पत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ मधील आपल्या ७२ व्या अहवालात यावर कडक ताशेरे ओढले. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. तिथे संसदीय समितीचा अहवाल पुरावा म्हणून पाहता येतो का, असा प्रश्न निघाला आणि ९ मे २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कल्पना मेहता खटल्यात, असा अहवाल न्यायालय विचारात घेऊ शकते, असा निर्णय दिला. आदिवासी मुलींच्या प्रश्नाने घटनेचा कायदा पुढे नेला, हे विसरू नका.

पण मित्रांनो, फसवणुकीला विरोध आणि लसीला विरोध यांत फरक आहे. आपला झगडा न विचारता टोचण्याशी आहे. लस काम करते का, याचे उत्तर आज स्पष्ट आहे. इंग्लंडमध्ये बाराव्या-तेराव्या वर्षी लस घेतलेल्या मुलींमध्ये हा कर्करोग ८७ टक्क्यांनी घटला, असे २०२१ साली प्रसिद्ध झाले. स्वीडनमध्ये सतरा वर्षांच्या आत लस घेतलेल्यांमध्ये ८८ टक्क्यांनी घटला. लसीने मूल होत नाही ही अफवा आहे.

गंमत पाहा. २०१० च्या त्या गोंधळात भारतातील दुसरा एक लस-अभ्यासही थांबवावा लागला होता. त्यातही बार्शीचे केंद्र होते. अनेक मुलींना तीनऐवजी एकच मात्रा मिळाली. पुढे दहा वर्षे त्यांच्याकडे लक्ष ठेवले तेव्हा दिसले की एका मात्रेनेही जवळपास तेवढेच संरक्षण मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली एका मात्रेची मुभा दिली, त्यामागच्या पुराव्यांत भारतातल्या या मुलींचा पुरावा आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लस २०२२ साली मंजूर झाली. २०२३ साली ती खासगी बाजारात आली तेव्हा तिची किंमत २००० रुपये होती. धुणीभांडी करणाऱ्या बाईने दोन मुलींसाठी हे पैसे कुठून आणायचे? जून २०२२ मध्येच राष्ट्रीय तज्ज्ञ गटाने ९ ते १४ वयाच्या मुलींना सरकारी कार्यक्रमातून लस देण्याची शिफारस केली होती. तेव्हा आपली मागणी ठाम असली पाहिजे : शाळेत आणि आरोग्य केंद्रात मोफत लस, पालकांना मराठीत आणि त्यांच्या बोलीत समजावून, वॉर्डनच्या सहीवर नव्हे तर आईबापाच्या संमतीने. आपल्या आरोग्य केंद्रात कोणत्या वयाच्या मुलीला ती कधी मिळते, हे जाऊन विचारा. आणि लक्षात ठेवा, लस मुलीसाठी आहे. तिच्या आईला तपासणीच वाचवणार आहे.

तपासणी म्हणजे काय?

बायका घाबरतात म्हणून सांगतो. सरकारी कार्यक्रमात जी तपासणी आहे तिला 'व्हाया' म्हणतात. नर्स गर्भाशयाच्या तोंडाला तीन ते पाच टक्के ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरच्या जातीचे पाणी लावते. एक मिनिट थांबते. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. कापाकापी नाही, भूल नाही, ॲडमिट होणे नाही. पाच-दहा मिनिटांचे काम. फक्त पाळीच्या दिवसांत जाऊ नये. मुंबईच्या अभ्यासात ही तपासणी दहावी शिकलेल्या, चार आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या साध्या महिलांनी केली होती. म्हणजे डॉक्टर नाहीत, ही सबब चालणार नाही. वय वाढल्यावर, पाळी गेल्यावर ही तपासणी तितकी खात्रीची राहत नाही. तेव्हा एचपीव्ही तपासणी चांगली. तिचा नमुना तर बाई आडोशाला जाऊन स्वतःच्या हाताने घेऊ शकते. लाजेवर याहून चांगला उपाय नाही.

बिघडलेल्या पेशी सापडल्या तर त्या जागच्या जागी गोठवून किंवा उष्णता देऊन नष्ट करता येतात. बाई त्याच दिवशी घरी येते आणि पिशवी शाबूत राहते.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या आराखड्यानुसार ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी ही तपासणी व्हायला हवी. सोबत तोंडाची आणि स्तनांची तपासणीही. मिश्री लावणाऱ्या आपल्या आयाबहिणींनी तोंडाची तपासणी तर चुकवूच नये. कार्यक्रम कागदावर आहे. तो आपल्या उपकेंद्रात उतरवणे हे आपले काम आहे. संबंधानंतर रक्त जाणे, पाळी थांबल्यावर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, वास येणारे पाणी जाणे, यांपैकी काहीही असेल तर शिबिराची वाट पाहू नका, लगेच दाखवा.

विहारातून सुरुवात

बाबासाहेबांनी बाईच्या शरीराचा प्रश्न कधीही गौण मानला नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. १९३८ साली त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या सोयींचा ठराव मांडला. त्या काळात हा विषय उच्चारायलाही लोक लाजत होते. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली हजारो दलित महिलांची परिषद भरली, तिथे त्यांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजत असल्याचे सांगितले. सावित्रीमाई १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. आणि तथागतांनी तर विष्ठेत पडलेल्या आजारी भिक्खूला आनंदाबरोबर स्वतःच्या हातांनी धुतले होते. हा आपला वारसा आहे. मग आपल्या विहारात "गर्भाशय" हा शब्द उच्चारायला आपण का लाजतो?

मी माझ्या विहारापुरते जे सुरू केले आहे, ते सांगतो. महिला मंडळाने वस्तीतील तिशीवरील प्रत्येक बाईची वही केली. आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. तारीख मिळत नव्हती, तेव्हा माहितीच्या अधिकारात चार प्रश्न विचारले. आपल्या कार्यक्षेत्रात तिशीवरील महिला किती? गेल्या वर्षी किती जणींची व्हाया तपासणी झाली? किती जणींमध्ये दोष आढळला? त्यांतील किती जणींवर उपचार पूर्ण झाले? अर्ज केल्यापासून तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण तपासणीचे आकडे कागदावर फुगवता येतात, उपचार झालेली बाई दाखवावी लागते. अर्ज गेला आणि शिबिराची तारीख आली. त्या दिवशी पुरुषांना काम दिले ते लेकरे सांभाळण्याचे, रिक्षा आणण्याचे आणि चहा करण्याचे. एकेचाळीस बायका आल्या. तिघींना पुढे पाठवावे लागले. त्या तिघींबरोबर मंडळाची एकेक बाई दवाखान्यात गेली, कारण एकट्या बाईला "उद्या या" सांगून परत पाठवणे सोपे असते.

ज्यांना कर्करोग निघेल त्यांनी खचू नये. लवकर सापडला तर तो बरा होतो. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत त्यावरचे अनेक उपचार मोफत आहेत. रेशन कार्ड आणि आधार कार्डावरची नावे आजच जुळवून घ्या. जिथे अडवतील तिथे भांडा. पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात १९९६ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की वेळेवर उपचार न देणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग आहे. पैसा नाही, ही राज्याची सबब चालत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जगापुढे उद्दिष्ट ठेवले आहे : २०३० पर्यंत ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के महिलांची तपासणी, आजार सापडलेल्या ९० टक्के जणींना उपचार. आपण १.९ वरून ७० वर जायचे आहे. ते काम दिल्लीत होणार नाही, वस्तीत होईल.

माझी सूचना साधी आहे. ३ जानेवारीला सावित्रीमाईंची जयंती असते, ७ फेब्रुवारीला माता रमाईंची. या पस्तीस दिवसांत प्रत्येक विहाराने तपासणीचा एक दिवस ठेवावा. डीजेचा एक तासाचा खर्च वाचवला तरी रिक्षांचे आणि चहाचे भागते. आजारपण अंगावर काढत बाबासाहेबांचा संसार चालवणाऱ्या रमाईला याहून योग्य अभिवादन कोणते?

त्या उपासिकेची विहारातली जागा पहिल्या रांगेत होती. आता तिथे तिची सून बसते. शिबिरात पहिले नाव तिनेच नोंदवले.

जयभीम!